मॅकवर विंडोज टाकलंय आणि माऊस-कीबोर्ड ऐकत नाहीये? नेहमीचे प्रश्न, सरळ उत्तरं

ठाण्यात आणि नवी मुंबईत मॅकवर विंडोज चालवणारे लोक तसे ठरलेलेच. नौपाड्यातले सीए, ज्यांचं टॅलीशिवाय पान हलत नाही. बेलापूर-खारघरचे आर्किटेक्ट, ज्यांना रेव्हिट हे बिल्डिंगच्या ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते मॅकसाठी येतच नाही. ऐरोलीचे आयटीवाले, आणि कॉलेजची पोरं ज्यांना एका प्रोजेक्टपुरतं एखादं सॉफ्टवेअर हवं असतं. तक्रारी पण त्याच त्याच येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सगळं वाचायची गरज नाही, पण पहिले दोन प्रश्न मात्र वाचाच.

बटण दाबतो आणि काहीच होत नाही, किंवा भलतंच होतं. सुरुवात कुठून करू?

आधी हे सांगा, तुमचं विंडोज मॅकवर नेमकं कसं बसलंय? दोन प्रकार असतात. एक बूट कॅम्प, म्हणजे मशीन चालू करतानाच विंडोज निवडायचं आणि मग मॅकओएस तिथे नसतंच. हे फक्त इंटेलवाल्या मॅकवर चालतं. २०२० च्या शेवटी एम१ चिपवाले मॅक आले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प बंदच झालं. दुसरा प्रकार म्हणजे व्हर्च्युअल मशीन: पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्यूजन, यूटीएम वगैरे, जिथे विंडोज मॅकओएसच्या आत एका खिडकीत चालतं.

हे एवढं का विचारतो, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये बटण दाबलं की ते आधी मॅकओएसकडे जातं, मग पॅरलल्स किंवा फ्यूजनकडे, मग विंडोजकडे आणि शेवटी तुमच्या टॅली-एक्सेलकडे. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पार्सल स्वतःकडेच ठेवून घेतो तसं मॅकओएस काही बटणं स्वतःच खाऊन टाकतं, विंडोजला पत्ताच लागत नाही. बूट कॅम्पमध्ये हा मधला वॉचमन नाही, तिथे गडबड झाली तर बहुतेक वेळा ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. म्हणून एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि लोक उगाच विंडोज पुन्हा टाकत बसतात.

बटण नक्की कुठे अडकतंय ते कसं कळणार?

विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत ऑन-स्क्रीन कीबोर्ड शोधा आणि उघडा. आता खऱ्या कीबोर्डवर बटण दाबा, स्क्रीनवरचं तेच बटण चमकलं पाहिजे. चमकलं म्हणजे विंडोजपर्यंत पोचलंय, दोष तुमच्या प्रोग्रॅमचा किंवा त्याच्या सेटिंगचा. दुसरंच बटण चमकलं तर कुठेतरी अदलाबदल झालीये. काहीच चमकलं नाही तर मॅकच्या बाजूला बघा. मॅकओएसमध्येही कीबोर्ड व्ह्यूअर आहे, तोही असंच दाखवतो. तिथेही बटण चमकत नसेल तर विंडोजला शिव्या घालून उपयोग नाही, बटणच गेलंय.

नवा कीबोर्ड ऑर्डर करण्याआधी ही टेस्ट करा राव.

टॅलीमध्ये एफ५, एफ८ दाबलं की व्हाउचर उघडायच्या ऐवजी कीबोर्डची लाईट नाहीतर गाणी चालू होतात.

मॅकची वरची रांग मुळात ब्राइटनेस, आवाज, गाणी यांच्यासाठी असते. एफ५ म्हणून पाठवायचं तर एफएन (fn) हे बटण धरून दाबावं लागतं. टॅलीत तर अख्खा धंदा याच रांगेवर चालतो, एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस, दिवसभर एफएन धरून बसलं तर करंगळी दुखेल.

व्हर्च्युअल मशीन असेल तर मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात फंक्शन कीज, तिथे एफ१, एफ२ वगैरे स्टँडर्ड फंक्शन की म्हणून वापरायचा स्विच चालू करा. बूट कॅम्प असेल तर विंडोजमध्ये खाली घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर क्लिक करून बूट कॅम्पचं चिन्ह शोधा, कंट्रोल पॅनेल उघडा, कीबोर्डच्या टॅबमध्ये हाच पर्याय आहे. मग आवाज कमी-जास्त करायला एफएन धरावं लागेल, पण ते चालतं.

तरीही एफ११ दाबल्यावर सगळ्या खिडक्या बाजूला पळून डेस्कटॉप दिसतो अशी तक्रार राहते. ते मॅकओएसचं काम आहे, एफ११ त्याने शो डेस्कटॉपला देऊन ठेवलंय. त्याच कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये मिशन कंट्रोलमध्ये जाऊन ती टिक काढा. टॅलीप्राइममध्ये एफ११ फीचर्सला लागतं, म्हणजे हे करावंच लागणार.

टच बारवाला मॅकबुक प्रो असेल तर खरी बटणं नाहीतच, एफएन धरलं की पट्टीवर एफ१ ते एफ१२ येतात. टॅलीवाल्यांनी सरळ बाहेरचा कीबोर्ड लावावा असं माझं मत.

एक्सेलमध्ये कंट्रोल आणि बाण दाबून शेवटच्या रकान्यात उडी मारता येत नाही, अख्खी स्क्रीनच सरकते.

पुन्हा वॉचमन. कंट्रोल आणि डावा-उजवा बाण मॅकओएसमध्ये एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जायला असतं, कंट्रोल आणि वरचा बाण मिशन कंट्रोलला, म्हणजे उघड्या खिडक्या एकत्र बघायला. मिशन कंट्रोलच्या शॉर्टकट्समधून तिन्ही बंद करा, ट्रॅकपॅडवर बोटं सरकवून ती कामं तशीही होतातच. पॅरलल्समध्ये मॅकचे सिस्टिम शॉर्टकट विंडोजला पाठवायचेत का हे ठरवायची सोयही त्याच्या शॉर्टकट्सच्या सेटिंगमध्ये आहे, पण मला मॅककडूनच बंद करणं जास्त भरवशाचं वाटतं कारण तिथे एकदा केलं की विषय संपला.

कुठलं बटण कुठल्या जागी? माझा हात विंडोजचा आहे.

कमांड म्हणजे विंडोजचं बटण, ऑप्शन म्हणजे ऑल्ट, कंट्रोल म्हणजे कंट्रोल. मॅकचं डिलीट हे खरं बॅकस्पेस आहे, पुढचं अक्षर खोडायला एफएन आणि डिलीट. होम-एंड म्हणजे एफएनसोबत डावा-उजवा बाण, पेज अप-डाऊन म्हणजे एफएनसोबत वर-खालचा बाण.

प्रिंट स्क्रीन बूट कॅम्पमध्ये एफएन, शिफ्ट आणि एफ११. व्हर्च्युअल मशीनमध्ये असल्या कसरती करू नका, स्टार्ट मेनूतून स्निपिंग टूल उघडा नाहीतर मॅकचंच कमांड-शिफ्ट-४ वापरा.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट बूट कॅम्पमध्ये कंट्रोल-ऑप्शन-डिलीट. पॅरलल्समध्ये वरच्या मेनूत डिव्हायसेस, त्यात कीबोर्ड, तिथे तयार मिळतं. फ्यूजनमध्ये व्हर्च्युअल मशीन मेनूत पाठवायचा पर्याय आहे.

कॉपी-पेस्ट कधी कमांडने होतं कधी कंट्रोलने, डोकं फिरतं.

पॅरलल्स मुद्दाम कमांड-सी चं कंट्रोल-सी करून विंडोजला देतं, म्हणजे मॅकवाल्यांची सवय मोडायला नको. कंट्रोल-सी पण चालतंच. बूट कॅम्पमध्ये ही मदत नाही, तिथे कमांड म्हणजे विंडोजचं बटण, त्यामुळे कमांड-व्ही दाबलं की पेस्टच्या ऐवजी क्लिपबोर्डची हिस्टरी उघडते आणि लोक घाबरतात. पॅरलल्समधली अदलाबदल नको असेल तर शॉर्टकट्सच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक काढून टाकता येते. ऑफिसमध्ये विंडोज आणि घरी मॅक असं असेल तर काढूनच टाका, एकच सवय ठेवा.

बूट कॅम्पने विंडोज टाकलं, पण राइट क्लिक नाही, दोन बोटांचं स्क्रोल नाही, ब्राइटनेसची बटणंही मेलेली.

ॲपलचे ड्रायव्हर बसले नाहीत किंवा अर्धवट बसलेत. मॅकओएसमध्ये परत जा, बूट कॅम्प असिस्टंट उघडा, वरच्या ॲक्शन मेनूतून विंडोज सपोर्ट सॉफ्टवेअर डाऊनलोड करा आणि फॅट फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर घ्या. मग विंडोजमध्ये येऊन पेन ड्राइव्हमधल्या बूट कॅम्प फोल्डरचा सेटअप चालवा आणि रिस्टार्ट करा. डाऊनलोड मोठा असतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सुरू करून लोकलमध्ये बसू नका, ऐरोलीच्या पुढे नेटवर्क गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

हे करताना माऊस अजिबात चालत नसेल तर वायरवाला साधा यूएसबी माऊस आणि कीबोर्ड लावा, त्यांना विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. शेजाऱ्यांकडून अर्ध्या तासासाठी मागून आणा, कुणाकडे तरी जुना पडलेला असतोच.

ड्रायव्हर बसल्यावरही राइट क्लिक नसेल तर बूट कॅम्प कंट्रोल पॅनेलमध्ये ट्रॅकपॅडच्या टॅबमध्ये सेकंडरी क्लिक चालू आहे का बघा, टॅप टू क्लिकही तिथेच. टी२ (ॲपलची सुरक्षेची चिप) असलेल्या इंटेल मॅकसाठी २०२१ मध्ये आलेल्या बूट कॅम्प ६.१.१५ मध्ये प्रिसिजन टचपॅडचा सपोर्ट आला, त्यानंतर तीन-चार बोटांचे जेश्चर विंडोजच्या सेटिंगमध्येच मिळतात. तुमच्याकडे जुनं असेल तर ॲपल सॉफ्टवेअर अपडेट चालवून बघा, फरक चांगलाच जाणवतो.

स्क्रोल उलटं होतंय.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मॅकओएसची नॅचरल स्क्रोलिंग सेटिंग विंडोजलाही लागू होते. ती बंद केली की ट्रॅकपॅडही उलटा होतो, कारण मॅकओएसला माऊस आणि ट्रॅकपॅडची दिशा वेगवेगळी ठेवता येत नाही. हे का करत नाहीत देव जाणे. स्क्रोल रिव्हर्सर नावाचं फुकट ॲप मॅकवर टाका, त्यात दोन्ही वेगळे ठेवता येतात.

बूट कॅम्पमध्ये रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात जावं लागतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या प्रॉपर्टीजमधून हार्डवेअर आयडी बघून घ्या, रजिस्ट्रीत एचआयडीखाली (HID) तोच शोधा, त्याच्या डिव्हाइस पॅरामीटर्समध्ये फ्लिपफ्लॉपव्हील (FlipFlopWheel) नावाची किंमत असते, ती ० असेल तर १ करा, १ असेल तर ०. रिस्टार्ट. माऊस बदलला तर परत करावं लागतं. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या हे सांगायला नको.

ॲपलच्या मॅजिक माऊसने रेव्हिट आणि ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग सरकवता येत नाही.

येणारच नाही, त्याला मधलं बटण नाही. या प्रोग्रॅममध्ये चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकतं आणि चाक फिरवलं की झूम. मॅजिक माऊसला मधलं बटण देणारे जुगाड आहेत, पण दिवसभर ड्रॉइंग करणाऱ्या माणसाने त्यात पडू नये. चाकवाला वायरचा माऊस घ्या, ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशी सेक्टर १७ मध्ये कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. मॅजिक माऊस चार्जिंगला लावला की वापरताही येत नाही, चार्जिंगची जागा पोटाखाली दिलीये, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री बॅटरी संपली की तो पालथा पडलेला असतो आणि तुम्ही बघत बसता.

थ्रीडी मॉडेल फिरवताना कर्सर एकदम कोपऱ्यात उडी मारतो, मॉडेल गरगर फिरतं.

हे पॅरलल्समध्ये जास्त बघितलंय. मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये हार्डवेअर, त्यात माऊस आणि कीबोर्ड, तिथे माऊस गेमसाठी ऑप्टिमाइझ करायचा की नाही, की आपोआप ओळखायचं असे पर्याय आहेत. आपोआपवर ठेवलेलं असतं आणि ते कधीकधी चुकीचं ओळखतं. हाताने बदलून दोन्ही प्रकारे चालवून बघा, एका प्रकारात नक्की सुधारतं.

कर्सर विंडोजच्या खिडकीत अडकलाय, बाहेरच येत नाही.

पॅरलल्स आणि यूटीएममध्ये कंट्रोल-ऑप्शन एकत्र दाबा, फ्यूजनमध्ये कंट्रोल-कमांड, व्हर्च्युअलबॉक्समध्ये डावं कमांड. सुटेल.

पण हे रोज होत असेल तर पॅरलल्स टूल्स किंवा व्हीएमवेअर टूल्स बसलेले नाहीत असं समजा, यूटीएमला स्पाइस गेस्ट टूल्स लागतात. या टूल्समुळेच कर्सर आत-बाहेर सहज जातो. विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर ही टूल्स रुसतात, पुन्हा टाकली की ठीक.

अजून एक, मॅकओएस अपडेट केल्यावर अचानक कीबोर्डच पोचेनासा झाला तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंगमध्ये तुमच्या प्रोग्रॅमला परवानगी आहे का बघा. असली तरी एकदा बंद करून चालू करा आणि प्रोग्रॅम पूर्ण बंद करून परत उघडा. आणि विंडोज रोज सस्पेंड करून झोपवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी नीट शट डाऊन करा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

ब्लूटूथ कीबोर्ड मॅकओएसमध्ये चालतो, विंडोजमध्ये गेलं की ओळखच देत नाही.

बूट कॅम्पबद्दल विचारताय. मॅकओएसमध्ये केलेलं पेअरिंग विंडोज स्वतःहून उचलत नाही, तिथे पुन्हा जोडावं लागतं आणि परत मॅकओएसमध्ये आलात की कधी तिथेही. रोज दोन्हीकडे ये-जा असेल तर वायरवाला ठेवा किंवा डोंगलवाला (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवाला) घ्या, डोंगलला हा त्रास नाही.

डोंगलवाला माऊस अडखळतो, विशेषतः हार्ड डिस्क लावली की.

हे जादूटोणा वाटतं पण खरंय. यूएसबी ३ ची वायर आणि हब २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंधळ करतात, माऊसचा डोंगलही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढला होता. नव्या मॅकबुकला टाइप सीच असल्याने सगळेच हब लावतात, आणि त्याच हबमध्ये हार्ड डिस्कच्या शेजारी डोंगल. एक छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल हबपासून हातभर लांब, माऊसजवळ आणा. बस.

चार्जिंगला लावलं की कर्सर थरथरतो, उड्या मारतो.

चार्जर काढून बघा. थांबलं तर अर्थिंगचा मामला आहे. दोन पिनचा प्लग, जुन्या बिल्डिंगचं वायरिंग, त्यावर लोकल एक्स्टेन्शन बोर्ड, मग मॅकच्या धातूच्या बॉडीवर हात फिरवला तर झिणझिण्या पण येतात. चार्जरला तीन पिनवाली ॲपलची एक्स्टेन्शन वायर लावा आणि अर्थिंग असलेल्या प्लगमध्ये घाला. घरात तिसरी पिन नुसती शोभेची असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, हा कॉम्प्युटरचा विषय राहिला नाही.

पावसाळ्यात ओल्या बोटांनीही ट्रॅकपॅड असाच वेडावतो. जुलैमध्ये घोडबंदर रोडवरून भिजत आलात तर आधी हात पुसा, पॅड पुसा, मग ड्रायव्हरवर संशय घ्या.

पासवर्ड बरोबर टाकतोय तरी चूक म्हणतं. ॲटच्या जागी अवतरण चिन्ह येतं.

विंडोजने यूके कीबोर्ड धरलाय. त्यात @ आणि " यांची अदलाबदल असते आणि शिफ्ट-३ ला पौंडाचं चिन्ह येतं. लॉगिन स्क्रीनवर पासवर्डच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून काय टाइप होतंय ते बघा, खाली उजव्या कोपऱ्यात कीबोर्ड बदलता येतो. आत गेल्यावर लँग्वेज सेटिंगमधून यूके काढूनच टाका, नाहीतर परत येतो.

मॅकमध्ये मराठी टाइप होतं, विंडोजच्या खिडकीत गेलं की इंग्रजीच उमटतं.

कारण खिडकीत अक्षरं जात नाहीत, फक्त कुठलं बटण दाबलं एवढंच जातं. त्याचं अक्षर विंडोज स्वतः ठरवतं. म्हणून मराठी विंडोजमध्ये वेगळं टाकायचं: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी जोडा. इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) येत असेल तर तेच ठेवा (ळ शिफ्ट-एन वर, ऱ शिफ्ट-जे वर). इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची सवय असेल तर मराठीच्या ऑप्शन्समध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडा, तो २०१९ च्या विंडोज १० च्या अपडेटपासून सोबतच येतो.

आता गंमत अशी की भाषा बदलायला विंडोज-स्पेस दाबायचं असतं, मॅकवर ते कमांड-स्पेस, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याने मॅकचा स्पॉटलाइट (सर्च) उघडतो. डावं ऑप्शन आणि शिफ्ट दाबून बघा, नाहीतर टास्कबारवर भाषेच्या चिन्हावर क्लिक करा. मॅकमध्ये कॅप्स लॉकने भाषा बदलायची सेटिंग चालू ठेवली असेल तर ती बंद करा, नाहीतर विंडोजमधलं कॅप्स लॉक विचित्र वागतं.

रुपयाचं चिन्ह ₹ हवं तर विंडोजमध्ये इंग्लिश इंडिया कीबोर्ड निवडा आणि कंट्रोल-ऑप्शन-४ दाबा.

बटण बराच वेळ दाबून धरलं तरच उमटतं.

फिल्टर कीज चालू झालंय. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ते चालू होतं, विचार करत बसलेल्या माणसाकडून हे सहज घडतं. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, दोन्ही बंद, आणि त्यांचे शॉर्टकटही बंद.

नंबरपॅड चालत नाही.

ॲपलच्या मोठ्या कीबोर्डवर नम लॉक नसतं, क्लिअरचं बटण ते काम करतं. नाही झालं तर ऑन-स्क्रीन कीबोर्डच्या ऑप्शन्समध्ये न्यूमेरिक कीपॅड चालू करा आणि तिथलं नम लॉक दाबा.

जुना इंटेल मॅक आहे, बूट कॅम्पवरच राहू का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, जे इंटेल मॅकवर बूट कॅम्पमधून अधिकृतपणे मिळत नाही. जुगाड करून ११ टाकणारे आहेत, पण ॲपलचे ड्रायव्हर १० साठीचे, मग ट्रॅकपॅडने त्रास दिला तर विचारायचं कुणाला. ऑफिसचा हिशोब, जीएसटी असलं काही असेल तर मी तरी करणार नाही. नवा मॅक घेणार असाल तर एम चिपवर एआरएमचं (त्या प्रकारच्या चिपसाठी बनवलेलं) विंडोज ११ पॅरलल्समध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिलीये, आणि फ्यूजन २०२४ पासून फुकट आहे. फक्त एक बघून घ्या, तुमच्या सॉफ्टवेअरला लायसन्सचा डोंगल किंवा खास ड्रायव्हर लागत असेल तर त्याचा एआरएमवाला ड्रायव्हर आहे का. प्रोग्रॅम जुना असला तरी चालतो, जुना ड्रायव्हर नाही चालत.

दुकानात कधी न्यायचं?

मॅकओएसमध्येही तेच होत असेल तेव्हा. आणि ट्रॅकपॅडचं क्लिक घट्ट झालंय, पॅड मध्यभागी वर आल्यासारखा वाटतोय किंवा झाकण नीट बसत नाहीये, तर आजच बंद करा, चार्जर काढा. आतली बॅटरी फुगल्याची ही लक्षणं आहेत. तो मॅक उशीवर ठेवून सिनेमा बघत बसू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, तसाच घेऊन जा आणि दुकानदाराला आधी बॅटरीबद्दल सांगा, ट्रॅकपॅडबद्दल नंतर.